वर्ण आणि वळण

१९६८ सालच्या मार्च महिन्याच्या ११ तारखेस अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एका आज्ञापत्रावर स्वाक्षरी केली, आणि पुढील वर्षाच्या १ जुलैपासून संघराज्य सरकारच्या दफ्तरी दाखल होणाऱ्या प्रत्येक संगणकास ‘ॲस्की’ नामक संकेतमाला अवगत असलीच पाहिजे, असे फर्मान सुटले. युद्धवार्तांनी भरलेल्या त्या वर्षी असल्या कोरड्या कागदाकडे फारशा कुणाचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते. तथापि मानवी लेखनाच्या इतिहासात या कागदाचे महत्त्व लहान नाही. संगणकाच्या पोटात अक्षर नसते, केवळ संख्या असते, आणि कोणत्या संख्येने कोणते अक्षर समजावयाचे हे ज्याने लिहिले त्याने आणि ज्याने वाचावयाचे त्याने आगाऊ ठरवून घेतले नसेल, तर शुद्ध लिहिलेला मजकूरही पलीकडे निरर्थक आकड्यांची रास होऊन पडतो. ६५ म्हणजे रोमन लिपीतील थोरला ‘ए’, हा निसर्गाचा नियम नव्हे. तो उभयपक्षी झालेला करार आहे.

हा करार एका दिवसात जन्मास आलेला नव्हता. एमिल बोदो या फ्रेंच तारायंत्रज्ञाने १८७४ साली पाच-पाच विद्युत्स्पंदांच्या जुळणीने अक्षरे पाठविण्याची जी युक्ती काढली, तिच्यात अवघी ३२ घरे होती. त्यात सगळी अक्षरे आणि अंक मावत नसल्यामुळे आता अक्षरे समजा, आता अंक समजा, अशी सूचना देणारी चिन्हे मध्येमध्ये पेरावी लागत. तारायंत्राचा हा वारसा घेऊन अमेरिकन मानकसंस्थेच्या समितीने १९६३ साली ॲस्की प्रसिद्ध केली आणि १९६७ साली तिची सुधारून मांडणी केली. तिच्यात शून्य किंवा एक यांची सात स्थाने, म्हणून एकंदर १२८ घरे. त्यांतील ३३ यंत्राच्या नियंत्रणासाठी राखलेली आणि उरलेली ९५ दृश्य चिन्हांसाठी, ज्यात मोकळी जागाही धरलेली. त्याच सुमारास, १९६४ मध्ये, आयबीएम कंपनीने आपल्या ‘सिस्टिम ३६०’ या यंत्रमालिकेत ‘एब्सिडिक’ ही स्वतःची निराळी संकेतमाला ठेवली, आणि एका यंत्राचा मजकूर दुसऱ्या यंत्रास उमगण्यासाठी भाषांतराचे कोष्टक मध्ये घालावे लागण्याची आपत्ती इंग्रजीसारख्या सुटसुटीत लिपीवरही ओढवली. ही आपत्ती टाळणे हेच जॉन्सन यांच्या आज्ञापत्राचे प्रयोजन होते. परंतु त्या १२८ घरांच्या वाड्यात देवनागरीसाठी एकही ओसरी ठेवलेली नव्हती.

देवनागरीची अडचण नुसत्या जागेची नव्हती. तिचे मूळ वर्ण पन्नासाच्या आसपास. पण व्यंजनास स्वर भेटला की मात्रा, वेलांटी, उकार डाव्या-उजव्या अंगाला, डोक्यावर अथवा पायाशी जाऊन बसतात, आणि व्यंजनास व्यंजन भेटले की दोघांच्याही मूळ रूपांचा मागमूस न ठेवणारी जोडाक्षरे तयार होतात. मुद्रणाच्या युगात याची किंमत जुळाऱ्याने मोजली. इंग्रजी जुळाऱ्यापुढे जिथे शंभर-सव्वाशे खणांची केस पुरे, तिथे मराठी जुळाऱ्यास शेकडो खिळ्यांचा पसारा सांभाळावा लागे. टंकलेखनयंत्रावर इतकी जागाच नसल्यामुळे तिथे रेमिंग्टन आणि पुढे गोदरेज यांच्या यंत्रांवर अक्षराचे तुकडे करण्यात आले: पाय मोडलेले अर्धे व्यंजन एका कळीवर आणि त्याचा काना दुसरीवर. यंत्रासाठी लिपी वाकवावी की लिपीसाठी यंत्र, या प्रश्नाने त्या पिढीला पुरेपूर छळले. सावरकर आणि काकासाहेब कालेलकर प्रभृतींनी ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली ती याच विवंचनेतून. संगणकाने या वादाला एक तिसरे उत्तर शक्य करून दिले, आणि ते उत्तर प्रथम ज्यांना स्पष्ट दिसले त्यांचे ऋण आज मराठीत संदेश लिहिणारा प्रत्येक मनुष्य अजाणता वागवीत आहे.

कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९७० नंतरच्या दशकात प्राध्यापक आर. एम. के. सिन्हा आणि त्यांचे सहकारी देवनागरीच्या संगणकीकरणात गढलेले होते. मोहन तांबे हे त्याच परंपरेतले. छपाईचा आणि टंकयंत्राचा संस्कार घेऊन आलेल्या कुणालाही सुचले असते ते असे की, जितके आकार तितके क्रमांक द्यावे: अर्ध्या ‘क’ला एक, पुऱ्या ‘क’ला दुसरा, ‘क्ष’ला तिसरा. या मंडळींनी तो मार्ग सोडला. त्यांनी असे धरले की, स्मृतीत साठवावयाचा तो वर्ण. त्याचे वळण हा पडद्यावर अथवा कागदावर उमटते वेळचा प्रश्न आहे आणि तो सोडविण्यास यंत्राची बुद्धी समर्थ आहे. म्हणून ‘शिव’ हा शब्द साठविताना आधी ‘श’, मग ऱ्हस्व इकार, मग ‘व’, म्हणजे उच्चाराचा जो क्रम तोच साठवणीचा. वेलांटी ‘श’च्या अगोदर काढावयाची हे यंत्राने चित्र रेखाटतेवेळी पाहून घ्यावे. ‘धर्म’ या शब्दात रफार ‘म’च्या माथ्यावर दिसतो, पण साठवणीत हलन्त ‘र’ हा ‘म’च्या आधीच उभा. पाणिनीच्या देशात ही कल्पना सुचावी यात नवल नाही. नवल इतकेच की सरकारी समित्यांच्या दीर्घ बैठकांतून ती शाबूत बाहेर पडली.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८३ साली या तत्त्वावरची पहिली संकेतमाला जाहीर केली, १९८६ मध्ये स्वर डाव्या हाताखाली आणि व्यंजने उजव्या हाताखाली ठेवणारा ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक प्रमाण ठरविला, १९८८ मध्ये संकेतमालेची फेरमांडणी केली, आणि अखेरीस १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ‘आय. एस. १३१९४’ या क्रमांकाने तिला मानकाची सनद दिली. हीच ‘इस्की’. सातऐवजी आठ स्थाने घेतल्याने २५६ घरे मिळाली; खालच्या १२८ घरांत ॲस्की जशीच्या तशी राहू दिली आणि वरच्या निम्म्यात १६१ पासून पुढे भारतीय वर्ण बसविले. ‘क’ १७९ व्या घरात, हलन्ताचे चिन्ह २३२ व्या, ‘ष’ २१४ व्या. म्हणून ‘क्ष’ला स्वतंत्र घर नाही, १७९, २३२, २१४ असे तीन अंक एकामागून एक आले की ‘क्ष’ झाला. शिवाय ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिप्यांची वर्णमाला मुळात एकच, हे ओळखून देवनागरीपासून बंगालीपर्यंत आणि गुजरातीपासून मल्याळमपर्यंत सर्वांना मिळून एकच संकेतमाला दिली गेली. पुढील मजकूर कोणत्या लिपीत दाखवावयाचा हे सांगण्यास एक चिन्ह राखून ठेवले की काम भागले. फारसी वळणाच्या उर्दू, सिंधी, काश्मिरी लिप्या मात्र या व्यवस्थेबाहेर राहिल्या, कारण त्यांचा वंश निराळा.

१९८८ साली पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि कानपूरला आकारास आलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान तांब्यांसह तिथे आले. जिस्ट कार्ड हा संगणकाच्या पोटात खोचावयाचा एक फलक होता. तो खोचला म्हणजे इंग्रजीखेरीज काही न जाणणाऱ्या ‘वर्डस्टार’ किंवा ‘डीबेस’सारख्या आज्ञावलींतही मराठी मजकूर लिहिता, साठविता आणि छापता येई, आणि एक कळ दाबताच तीच नावांची यादी देवनागरीतून गुजरातीत अथवा तेलुगूत दिसू लागे. आज्ञावलीला यातले काहीच ठाऊक नसे. तिच्या दृष्टीने ते नुसते आठ स्थानांचे अंक असत, आणि अंकांचे अक्षर करण्याची सारी जोखीम त्या फलकाने पत्करलेली असे. भारतीय भाषांना इतका सुविचारित संकेत आणि तो वापरण्याचे इतके प्रत्यक्ष साधन यापूर्वी कधी मिळालेले नव्हते. अशा स्थितीत पुढील दहा वर्षांत इस्कीचा अंमल सर्वत्र बसावयास हवा होता. तो बसला नाही, आणि त्याचे कारण समजून घेतल्यावाचून या प्रकरणाचा उलगडा होत नाही.

त्याच दशकात पुण्या-मुंबईच्या छापखान्यांतून शिशाचे खिळे उचलले जाऊन त्या जागी डीटीपीचे संगणक आले. छापखान्याच्या मालकाला शब्दांचा शोध, अकारविल्हे याद्या, लिप्यंतर यांच्याशी कर्तव्य नव्हते. त्याला संध्याकाळपर्यंत सुबक पान हवे होते. ‘पेजमेकर’सारखी परदेशी आज्ञावली इस्की जाणत नव्हती, ती केवळ फाँट जाणत होती. तेव्हा व्यवहारी माणसांनी सोपी तोड काढली: संगणकाला आपण इंग्रजीच लिहितो आहोत असे वाटू द्यावे आणि फाँटातल्या रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवून द्यावे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’, बंगळूरची ‘आकृती’, उत्तरेकडून आलेला ‘कृतिदेव’ अशी एकाहून एक देखणी अक्षरे बाजारात आली, आणि प्रत्येकाने २५६ घरांतली आपली वाटणी स्वतःच्या मर्जीने केली. खुद्द सी-डॅकलाही बाजाराच्या रेट्यापुढे ‘इस्फॉक’ नावाची, आकारांवर आधारलेली संकेतमाला फाँटांसाठी काढावी लागली, आणि ‘सुरेख’, ‘योगेश’ ही तिची वळणे मराठी कचेऱ्यांतून घरोघरच्या भांड्यांइतकी परिचयाची झाली.

या पद्धतीत संगणकाच्या स्मृतीत नेमके काय जात होते, हे एका उदाहरणाने ध्यानात येईल. कृतिदेवात ‘मराठी’ हा शब्द उमटविला, तर फाइलीत ई, जे, के, थोरला बी आणि एच ही पाच रोमन अक्षरे साठविली जात. तो फाँट त्या संगणकावर आहे तोवर डोळ्यांना ‘मराठी’ दिसे; फाँट काढला की जगातल्या कोणत्याही भाषेत नसलेला तो पंचाक्षरी शब्द उघडा पडे. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते म्हणून फाइलीतही आधी जाई, रफार नंतर दिसतो म्हणून नंतर जाई. थोडक्यात टंकयंत्राच्या हातांची सवय हीच साठवणीची रीत झाली. म्हणून श्री-लिपीत लिहिलेला लेख कृतिदेवाच्या कार्यालयात निरुपयोगी, आणि फाँटाची पुढची आवृत्ती निघाली की कधीकधी आपलाच जुना मजकूर आपल्याच यंत्रावर परका. १९९५ नंतर मराठी वृत्तपत्रे महाजालावर येऊ लागली तेव्हा प्रत्येकाने वाचकास आपापला फाँट उतरवून घ्यावयास लावले, आणि शोधयंत्रांच्या दृष्टीने तो सारा मजकूर मराठी नव्हताच.

यास्तव फाँटकारांना दोषी ठरविणे मात्र अन्यायाचे होईल. जिस्टचा फलक विकत घ्यावा लागे, फाँट स्वस्तात किंवा फुकट मिळे. इस्कीला परदेशी कार्यप्रणालींचा आधार नव्हता, फाँटाला त्याची गरजच नव्हती. आणि मराठी ग्रंथांची त्या वीस वर्षांतली सुंदर छपाई याच मार्गाने झाली. पण आज आपण काय विकत घेत आहोत आणि उद्या काय गमावणार आहोत, याचा हिशेब त्या काळी कुणी मांडला नाही. पुस्तक छापून हाती आले की फाइलीचे काम संपले, अशीच सर्वांची समजूत होती.

दरम्यान समुद्रापलीकडे निराळाच उद्योग चालू होता. झेरॉक्स कंपनीतील जोसेफ बेकर आणि ॲपलमधील ली कॉलिन्स व मार्क डेव्हिस यांनी १९८७ साली, जगातील सर्व लिप्यांना पुरेल अशा एकाच संकेतमालेचा विचार सुरू केला. १९८८ मध्ये बेकर यांनी तिचा मसुदा मांडला, १९९१ च्या जानेवारीत ‘युनिकोड कन्सॉर्शियम’ ही संस्था कॅलिफोर्नियात नोंदली गेली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिच्या मानकाचा पहिला खंड निघाला. भारतीय लिप्यांसाठी या मंडळींनी नवी मांडणी करण्याचा खटाटोप केला नाही. इस्कीची १९८८ ची आवृत्ती त्यांनी आधार म्हणून उचलली आणि ब्राह्मीकुळातील प्रत्येक लिपीला १२८ घरांचा स्वतंत्र मुलूख देऊन त्यात इस्कीचाच क्रम लावला. अशा रीतीने १९९१ या एकाच वर्षात भारतात इस्कीला अंतिम सनद मिळाली आणि परदेशात तिच्या तीन वर्षांपूर्वीच्या रूपावर रचलेली दुसरी इमारत उभी राहिली. लिप्यांची एकी यात भंगली खरी. परंतु आकाराऐवजी वर्ण साठवावयाचा, उच्चाराच्या क्रमाने साठवावयाचा, जोडाक्षर हलन्ताने सुचवावयाचे, हे कानपूरचे तत्त्व जगाच्या मानकात कायम झाले.

युनिकोडात ‘क’चा क्रमांक २३२५ असा मोठा झाला आणि हे क्रमांक एकेका आठ-स्थानी घरात मावेनात. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ च्या सप्टेंबरात न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, टेबलावरच्या कागदी पत्रावळीवर, यावर जो तोडगा मांडला तोच ‘यूटीएफ-८’. त्यात रोमन अक्षराला पूर्वीचे एकच घर, म्हणून ॲस्कीत लिहिलेले कागद जसेच्या तसे चालत. देवनागरी अक्षराला मात्र तीन घरे, उदाहरणार्थ ‘क’ला २२४, १६४, १४९. इस्कीत जो मजकूर एक घर घेई त्याला आता तिप्पट जागा, ही तक्रार आपल्याकडे पुष्कळ दिवस होत राहिली, आणि साठवण महाग असताना ती अगदीच निराधार नव्हती. चुकीचा करार लावून यूटीएफ-८ मधला मराठी मजकूर उघडला की डोक्यावर तिरपी रेघ असलेल्या रोमन ‘ए’ची जी पलटण दिसते ती याच २२४ मुळे; तो आकडा प्रत्येक देवनागरी अक्षराच्या अग्रभागी असतो आणि पश्चिम युरोपच्या संकेतमालेत त्याचा अर्थ ते अक्षर असा होतो. मजकूर त्यावेळीही नष्ट झालेला नसतो. योग्य करार लावला की तो जागच्या जागी सापडतो. फाँटांच्या अमदानीत ही हमी नव्हती.

क्रमांक ठरले तरी वळणाचा प्रश्न उरलाच होता. २००० सालच्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टची ‘विंडोज २०००’ बाजारात आली. तिच्यात वर्णांच्या मालिकेवरून वेलांट्या जागी बसविणारे आणि जोडाक्षरे घडविणारे यंत्र अंगभूत होते, आणि सोबत ‘मंगल’ हा देवनागरी फाँट होता. मंगलचे रेखाटन मराठीतील कवी आणि अक्षरकलेचे आचार्य र. कृ. जोशी यांचे. आयुष्यभर बोरूच्या टोकाशी अक्षराचा घाट घोटवीत बसलेल्या या कलावंताकडे जगभरच्या यंत्रांत देवनागरीने कसे दिसावे हे ठरविण्याचे काम यावे, ही मराठी अक्षरविद्येच्या दृष्टीने मोठीच गोष्ट होती. वर्ण आणि वळण यांची फारकत झाल्यामुळेच ते शक्य झाले. मजकुराला धक्का न लावता त्याची शोभा निराळी घडविता येऊ लागली.

मराठीची स्वतःची काही गाऱ्हाणी मात्र या व्यवस्थेत दीर्घकाळ प्रलंबित राहिली. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत केवढे अंतर आहे हे गुरूला आणि स्वयंपाक्याला दोघांनाही ठाऊक असते. पण दुसऱ्या शब्दातला तो डोळ्याच्या पापणीसारखा ‘र’ हिंदीत नसल्यामुळे त्याला स्वतंत्र घर मिळाले नाही. द्राविडी भाषांतील एका ‘र’काराच्या लिप्यंतरासाठी जे ‘ऱ’ अक्षर ठेवले होते, त्याच्या हलन्त रूपाला हे काम सोपविण्यात आले. शिवाय युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत साध्या हलन्त ‘र’पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालण्याची वेगळी रीत होती, तीही जुन्या मजकुरासाठी चालू राहिली. डोळ्यांना एकच दिसणारा शब्द यंत्राला त्यामुळे दोन निराळे शब्द वाटू लागला आणि शोधणाराची फसगत होऊ लागली. ‘ॲ’ या मराठी स्वराला स्वतःचे घर मिळण्यास तर २००८ सालची ५.१ ही आवृत्ती उजाडावी लागली. तोवर मराठी लेखक हिंदी धाटणीचा ‘ऍ’ वापरीत. ‘ळ’ची गोष्ट आणखी वेगळी. सर्व लिप्यांचा क्रम समान ठेवण्यासाठी तो ‘ल’च्या शेजारी बसविला गेला, आणि ‘क्ष’ व ‘ज्ञ’ जोडाक्षरे म्हणून ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटात गेली. मराठी मुलाने शाळेत म्हटलेल्या वर्णमालेत मात्र ही तिन्ही ‘ह’च्या पलीकडे उभी असतात. म्हणून नुसत्या क्रमांकांवर विसंबून केलेली मतदारांची अथवा ग्रंथांची यादी मराठी वाचकाला विस्कळित दिसते, आणि क्रमासाठी निराळे कोष्टक द्यावे लागते.

तथापि सोय अखेर करारामागून आली. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आरंभापासून उघड्या संकेतावर वाढत गेला. २००९ सालच्या नोव्हेंबरात महाराष्ट्र शासनाने मराठीच्या प्रमाणित वर्णमालेचा निर्णय काढला, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोडला मानक म्हणून मान्यता दिली. ज्या कचेऱ्यांत आणि प्रकाशनसंस्थांत सुरेख आणि श्री-लिपी यांतील वीस वर्षांचा मजकूर साठला होता, तिथे आता परिवर्तकांचे काम सुरू झाले. या आज्ञावलींना प्रत्येक फाँटाचे वेगळे कोष्टक लागते. शिवाय आधी आलेली वेलांटी उचलून पुऱ्या जोडाक्षराच्या मागे न्यावी लागते आणि नंतर आलेला रफार उलट पुढे. अर्धे दंड कोणत्या व्यंजनाचे हे ओळखण्यात थोडी चूक झाली की नाव बदलते, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यात नाव बदलणे ही शुद्धलेखनाची बाब राहत नाही.

या सर्व घडामोडींचा निवाडा करू गेल्यास मला एक गोष्ट निर्विवाद वाटते. सुबकतेसाठी ज्यांनी वळण साठविले त्यांचा मजकूर त्यांच्या फाँटाइतकाच जगला, आणि वरवर पाहता ओबडधोबड अशा सरकारी समितीने वर्ण साठविण्याचा जो आग्रह धरला तो तिची स्वतःची संकेतमाला मागे पडल्यावरही टिकला. २०१४ च्या जूनमध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडी लिपी दाखल झाली, तेव्हा याचीच प्रचीती पुन्हा आली. अंशुमन पांडे यांच्या प्रस्तावावरून घेतलेल्या या लिपीत शिरोरेघ आधी ओढून हात न उचलता लिहिण्याच्या सवयीने एकेका व्यंजनाची स्वरागणिक निराळी रूपे होतात. परंतु ती रूपे फाँटाच्या हवाली करून संकेतात पुन्हा केवळ वर्णच ठेवले गेले. पेशवे दफ्तरातील रुमाल आता यंत्रात उतरवावयाचे झाल्यास चिटणिसांच्या प्रत्येक वळणाला क्रमांक शोधण्याची गरज नाही. त्यांनी कोणता शब्द लिहिला एवढे वाचता आले की पुरे, आणि त्या वाचनासाठी मोडी जाणणारी माणसे मात्र आपल्यालाच तयार करावी लागतील, कारण ती उणीव कोणतीही संकेतमाला भरून काढणार नाही.